कोचीच्या गल्ल्या आणि तीन वैद्यांची सही

फोर्ट कोचीत सायकल भाड्याने घ्यायला पाच मिनिटं पुरतात. ओळखपत्र दाखवायचं, दिवसाचं भाडं आगाऊ द्यायचं, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे आणि निघायचं. सायकलला गियर नसतात आणि त्यांची गरजही पडत नाही. फोर्ट कोची आणि त्याला चिकटून असलेली मट्टांचेरी, दोन्ही इतक्या सपाट आहेत की दिवसभर फिरूनही मांड्या भरून येत नाहीत. घाम येतो तो दमट हवेने.

इथे येणारे बहुतेक जण जे बघतात ते सगळं किनाऱ्यालगतच्या एक-दीड किलोमीटरमध्ये आहे. चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, परेड मैदान, भोवतीचे पर्जन्यवृक्ष, कॅफे. ठिकठिकाणी माहितीच्या पाट्या आहेत. त्या ओळीने वाचत गेलं की कोचीचा एक इतिहास आपोआप पाठ होतो. १५०० साली पोर्तुगीज कॅब्राल आला. १५०३ मध्ये किल्ला उभा राहिला. १६६३ मध्ये डचांनी तो जिंकला. १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांकडून घेतला. एक मालक गेला, दुसरा आला, की पाटी बदलते.

मी मात्र कोचीला आले होते एका सहीच्या मागे. ती सही तीन माणसांची आहे, नागरी लिपीत आहे, १६७५ सालची आहे आणि ती छापली गेली ॲमस्टरडॅममध्ये.

१६७५ म्हणजे आपल्याकडे शिवराज्याभिषेकाच्या पुढचं वर्ष. त्या सुमारास कोचीत डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा प्रमुख होता हेंड्रिक व्हॅन रीडे. मिऱ्यांच्या व्यापारासाठी नेमलेल्या या माणसाने मलबारच्या झाडाझुडपांवर एक प्रचंड ग्रंथ करायला घेतला: 'होर्टस मलबारिकस', म्हणजे 'मलबारची बाग'. ॲमस्टरडॅममध्ये १६७८ पासून पुढची पंधरा वर्षं त्याचे एकामागून एक बारा खंड निघाले. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णनं, त्यांचे औषधी उपयोग आणि पानभर मोठी चित्रं. पुढे लिनिअसने जगभरातल्या वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा भारतातल्या झाडांसाठी तो ज्या ग्रंथांवर विसंबला त्यांत हा एक महत्त्वाचा होता.

ग्रंथाचे खंड आज स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. फोनवर उघडून चित्र मोठं केलं, की झाडाच्या फांद्यांमधल्या मोकळ्या जागेत त्याचं नाव दिसतं. एकदा रोमन अक्षरांत, एकदा मलयाळम लिपीत, एकदा अरबीत आणि एकदा चक्क नागरीत. मलयाळम लिपी छापली गेली ती पहिल्यांदा या ग्रंथात, असं सांगतात. नागरीतली नावं कोकणी आहेत. तांब्याच्या पत्र्यावर ही अक्षरं कोरणाऱ्या कारागिराला ती वाचता येत नसणार. त्यामुळे काही अक्षरं वेडीवाकडी झाली आहेत, पण ओळखू येतात. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं १८०५ मध्ये. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात ही अक्षरं कागदावर उमटली होती.

पहिल्या खंडाच्या सुरुवातीला काही प्रमाणपत्रं जोडलेली आहेत. हा मजकूर आम्ही दिला, तो खरा आहे, असं माहिती देणाऱ्यांनी लिहून दिलेलं. त्यातलं एक नागरी लिपीत, कोकणीत आहे आणि त्याखाली नावं आहेत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांची. तिघेही कोचीत राहणारे वैद्य. मराठी वाचणाऱ्या कुणालाही ही नावं ओळखीची वाटतील. केरळात, एका डच अधिकाऱ्याच्या लॅटिन पुस्तकात ही माणसं कुठून आली, हे मला त्या गल्ल्यांमध्ये जाऊन बघायचं होतं.

सुरुवात मात्र सेंट फ्रान्सिस चर्चपासून केली, कारण सगळे तिथूनच करतात. वास्को द गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत मेला आणि त्याला इथे पुरलं. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे कठड्याआड लोक ज्या दगडाचे फोटो काढतात, त्याच्याखाली पावणेपाचशेहून अधिक वर्षं कुणीही नाही. तिथून पाच मिनिटांवर समुद्राच्या बाजूला डच दफनभूमी आहे, १७२४ सालची. फाटकाला बहुधा कुलूप असतं. सायकल भिंतीला टेकवून गजांमधून बघितलं की शंभरेक काळवंडलेली थडगी दिसतात. हे लोक इथे आले, मेले, आणि त्यांची नावं दगडात राहिली. ज्यांची सत्ता होती त्यांच्यासाठी रिकामी कबरसुद्धा जपलेली आहे.

दफनभूमीकडून वळून मट्टांचेरीच्या दिशेने निघालं, की पंधरा-वीस मिनिटांत शहर बदलतं. रुंद रस्ते, झाडं आणि लाल कौलांचे बंगले मागे पडतात. रस्ता अरुंद होतो, घरं एकमेकांना खेटतात, हॉर्न वाढतात. गाडीत बसून गेलं तर हा फरक 'गर्दी लागली' एवढाच जाणवतो. सायकलवर तो नेमका कुठे सुरू होतो ते कळतं, कारण तिथे पाय खाली टेकावा लागतो. आणि ती रेघ खरीच जुनी आहे. पोर्तुगीज आपल्या किल्ल्याच्या भागाला 'खालचं कोची' म्हणत आणि मट्टांचेरीकडच्या भागाला 'वरचं कोची'. चढ एक इंचाचाही नाही, तरी वरचं आणि खालचं. खालचं कोची पोर्तुगिजांचं, वरचं कोचीच्या राजाचं.

कोचीच्या लपलेल्या जागा समजून घ्यायच्या तर ही रेघ लक्षात ठेवावी लागते. खाली सत्ता होती. वर आश्रय होता.

मुळात बंदरच आश्रितासारखं उशिरा आलेलं. उत्तरेला कोडुंगल्लूरजवळ प्राचीन मुझिरिस बंदर होतं, रोमन जहाजं मिरी न्यायला यायची ते. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, तिकडचं बंदर गाळाने भरलं आणि इकडे कोचीला समुद्राचं तोंड उघडलं, असं मानतात. बंदर सरकलं तशी माणसंही सरकली. सोळाव्या शतकात कोडुंगल्लूर असुरक्षित झालं तेव्हा तिथले ज्यूही कोचीला आले. राजाने त्यांना आपल्या वाड्याच्या शेजारीच जागा दिली. १५६८ साली बांधलेलं परदेशी सिनेगॉग अजून उभं आहे. त्याची आणि राजवाड्यातल्या देवळाची भिंत लागून आहे. सिनेगॉगच्या जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा बघायला रांग लागते. त्या भिंतीकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. मला ती फरशांपेक्षा मोलाची वाटली. तुम्ही इथे राहा, असं म्हणणं एक. माझ्या भिंतीला भिंत लावून राहा, म्हणणं वेगळं.

त्याच शतकात त्याच राजाच्या हद्दीत गोव्याहून माणसं आली. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांनी घेतला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली, १५६० च्या दशकात बारदेश आणि साष्टीतली. १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. कुणी धर्म बदलला, कुणी देव पालखीत घालून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेले आणि कुणी गलबतात बसून किनाऱ्याने दक्षिणेला निघाले. होन्नावर, भटकळ, मंगळूर आणि थेट कोची. गंमत अशी की ज्यांच्यापासून पळाले, त्यांचाच किल्ला कोचीत दोन-तीन किलोमीटरवर होता. पण हद्द राजाची होती. त्या रेघेने त्यांना वाचवलं.

चेरलाईत पोचले तेव्हा दुपार कलली होती. हा मट्टांचेरीतला कोकणी भाग. मध्ये तिरुमल देवस्वमचं मोठं वेंकटाचलपतीचं देऊळ, भोवती चौकोनी रस्ते, लांबट घरं. एका दाराबाहेर जाळीवर पापड वाळत घातले होते. इथल्या कोकणी घरांचा पापड हा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला धंदा आहे. दारातल्या आजोबांनी माझ्या सायकलकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि मलयाळममध्ये काहीतरी विचारलं. मी मान हलवून 'मराठी' म्हटलं. तेव्हा त्यांनी भाषा बदलली.

"उदाक जाय वे?"

उदक. आपल्याकडे हा शब्द उरलाय फक्त पूजेत आणि श्राद्धात. इथे तो स्टीलच्या फुलपात्रातून समोर आला. पुढची वीस मिनिटं ते कोकणीत बोलत होते, मी मराठीत, आणि अडलं की दोघंही हातवारे करत होतो. क्रियापदं मला कळत होती, नामं मलयाळममध्ये निसटत होती. त्यांच्या घराण्याचं गोव्यातलं गाव त्यांना ठाऊक होतं, कुलदेव ठाऊक होता. "पहिले आम्ही आलो नाही," ते म्हणाले, "पहिले देव आले, आम्ही मागून." रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ही नावंही त्यांना माहीत होती. शाळेत शिकवलेल्या इतिहासातून नाही, समाजाच्या कार्यक्रमांतल्या भाषणांतून. "आमची भाषा ॲमस्टरडॅमला छापली," असं सांगताना त्यांची पाठ जरा ताठ झाली.

मीही तोवर तेवढ्याच अभिमानाने हिंडत होते. आपली लिपी, आपल्याकडची नावं, जगप्रसिद्ध ग्रंथ. इथे हा लेख थांबवता आला असता. पण त्याच ग्रंथात आणखी एक सही आहे आणि ती वाचल्यावर थांबता येत नाही.

ती आहे इट्टी अच्युतन यांची. कोचीच्या दक्षिणेला चेर्तलाजवळ कडक्करप्पळ्ळी हे त्यांचं गाव. जातीने एळवा, म्हणजे सवर्णांनी स्पर्श टाळायचा त्यांतले, पिढीजात वैद्य. त्यांचं प्रमाणपत्र मलयाळम भाषेत, पण कोलेळुत्तू नावाच्या जुन्या लिपीत आहे. झाडांची नावं, गुण आणि उपयोग यांचा गाभा त्यांच्याकडून आला. घराण्यातल्या पोथ्या आणि स्वतःचा अनुभव यांच्या आधारे ते सांगत गेले, इमॅन्युएल कार्नेरो या दुभाष्याने त्याचं पोर्तुगीज केलं आणि पुढे त्याचं लॅटिन झालं. कोकणी वैद्यांनी निघंटूसारख्या संस्कृत ग्रंथांच्या आधाराने आपली भर घातली, माहिती ताडून पाहिली.

मग श्रेय कुणाचं? हा प्रश्न केरळात आजही तापतो. रिचर्ड ग्रोव्ह या पर्यावरणाच्या इतिहासकाराने १९९५ मध्ये 'ग्रीन इम्पीरिअलिझम' या पुस्तकात मांडलं, की 'होर्टस'ची मांडणी, झाडांची वर्गवारी आणि नावं ही मुख्यतः एळवा वैद्यांच्या ज्ञानावर उभी आहे. ते मान्य केलं तर लिनिअसच्या टेबलावर पोचलेलं ज्ञान हे एका अस्पृश्य मानलेल्या माणसाचं ठरतं. पण पुढची तीन शतकं हा ग्रंथ लॅटिनमध्येच होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचं ते ज्ञान, त्यांना तो वाचता येत नव्हता. कालिकत विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली काही दशकं खर्चून त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००३ मध्ये आला. मलयाळम अनुवाद २००८ मध्ये. म्हणजे इट्टी अच्युतन मलयाळममध्ये जे बोलले ते मलयाळममध्ये परत यायला सव्वातीनशेहून जास्त वर्षं लागली.

तीन वैद्यांच्या सहीचा माझा आनंद यामुळे कमी झाला नाही, पण त्याला बाजू फुटल्या. त्यांनी काम केलं होतं, सही खरी होती. ते निर्वासितांचे वंशज होते, हेही खरं. आणि कोचीत आल्यावरही ते भट आणि पंडितच राहिले, हे तितकंच खरं. घर सुटलं तरी जात सोबत आली.

ती फक्त वरून आली नाही, खालूनही आली. गोव्याहून त्याच काळात आणखी एक समाज केरळात आला, ज्याला इथे कुडुंबी म्हणतात. शब्द नीट ऐका: कुणबी. शेतमजुरी, ओझी वाहणं आणि भात भिजवून, भाजून, कांडून पोहे करणं ही त्यांची परंपरागत कामं. तेही घरात कोकणी बोलतात. तेही समुद्रावरून आले, देव घेऊन आले, तेवढीच घरं मागे टाकून आले. आज केरळ सरकारच्या यादीत ते मागासवर्गीय आहेत आणि 'कोची आणि कोकणी' म्हटलं की व्यापारी, वैद्य आणि पापडाच्या दुकानांच्या पुढे सहसा कुणी जात नाही. 'होर्टस'च्या सह्यांमध्ये कुडुंबी नाव नाही. झाडं आणायला माणसं रानात पाठवली जात, असं व्हॅन रीडेच्या ग्रंथावरून कळतं. ओझी वाहणाऱ्यांची सही कुणी मागितली नाही.

आश्रयाची जागाही कायमची नसते. देवळाच्या रस्त्याला एक वळसा घालताना मी हाच विचार करत होते. ज्या राजघराण्याने कोकण्यांना जागा दिली, त्याच घराण्यातला शक्तन तंपुरान १७९१ मध्ये त्यांच्यावर उलटला. कोकणी व्यापाऱ्यांना डचांचं संरक्षण होतं, त्यांचा पैसा होता आणि राजाला दोन्ही खुपत होतं. देऊळ लुटलं गेलं, माणसं मारली गेली. उरलेले मूर्ती घेऊन दक्षिणेला त्रावणकोरच्या हद्दीत, आलेप्पीला गेले. पुन्हा तोच क्रम: देव पुढे, माणसं मागे. मूर्ती परत यायला साठेक वर्षं गेली. चेरलाईचं शांत, रुंद, सुखवस्तू देऊळ बघून हे कळत नाही. त्यावर पाटी नाही.

तिथून वेलीच्या धोबीखान्याकडे गेले. डचांनी आपल्या सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ मुलखातून वण्णार लोक आणले, असं इथे सांगतात. मोठ्या आवारात सिमेंटच्या हौदांची रांग, मागे मैदानभर दोऱ्या. चिमटे कुणी वापरत नाही. दोन सुंभांना पीळ देऊन त्या पिळात चादरीचं टोक अडकवतात, वारा कितीही सुटला तरी ते निसटत नाही. आत कोळशाच्या जड इस्त्र्या. बायका आपसात तमिळ बोलत होत्या. डच जाऊन सव्वादोनशे वर्षं झाली. गणवेशांच्या जागी हॉटेलांच्या चादरी आल्या, एवढाच बदल.

शेवटची जागा शोधायला वेळ लागला, कारण ती नकाशावर असली तरी डोळ्याला दिसत नाही. मंगाट्टुमुक्कू नावाच्या तिठ्याजवळ भिंतीला लागून एक छोटं ठाणं आहे. मूर्ती नाही, कळस नाही. मेणबत्त्या, उदबत्त्या, हार. हा काप्पिरी मुत्तप्पन. काप्पिरी म्हणजे आफ्रिकन. पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले होते. लोककथा अशी: १६६३ मध्ये डच आले तेव्हा पळून जाणाऱ्या पोर्तुगिजांनी आपलं सोनं-नाणं भिंतींत आणि झाडांखाली पुरलं आणि राखण करायला एकेका काप्पिरीला मारून सोबत पुरलं. तेव्हापासून तो इथे आहे. रात्री भिंतीवर बसून चिरूट ओढतो. हरवलेली वस्तू शोधून देतो. वाट चुकलेल्याला घरी पोचवतो.

कथा खरी की नाही, याला दाखला नाही. गुलामगिरीला मात्र भरपूर आहे. पोर्तुगीज गुलाम आणत होते. त्यांच्यामागून आलेली व्हॅन रीडेची कंपनी इथली माणसं विकत घेऊन जहाजांनी बटाव्हियाला आणि आफ्रिकेच्या टोकाला केपला पाठवत होती. ज्या बंदरातून झाडांची चित्रं ॲमस्टरडॅमला गेली, त्याच बंदरातून. झाडांची नावं चार लिप्यांमध्ये लिहून घेतली गेली. माणसांचा हिशेब नगांवर झाला.

व्हॅन रीडे १६९१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर मेला. त्याला सुरतेला पुरलं. तिथल्या डच दफनभूमीत त्याची भलीमोठी घुमटदार कबर आहे. कडक्करप्पळ्ळीत इट्टी अच्युतन यांच्या घराण्याची दिवा लावायची जागा अजून जपलेली आहे. तीन वैद्यांची नागरी सही कुणालाही फोनवर बघता येते, आणि बघावी. मात्र ती बघताना पानाच्या कडेला, जिथे काहीच छापलेलं नाही, तिथेही जरा थांबावं.

मंगाट्टुमुक्कूला मी उभी होते तेवढ्यात एक रिक्षावाला आला. इंजिन चालूच ठेवून उतरला, भिंतीशी एक मेणबत्ती लावली, खिशातून सिगारेट काढून पेटवली आणि ती स्वतः न ओढता दगडावर ठेवली. इथे पुट्टू, अंडी, मांस, ताडीसुद्धा वाहतात. मारलेल्याला तो जिवंतपणी जे खायला-प्यायला मागत असेल तेच द्यायचं, बाकी उपचार नाहीत. "काय मागितलं?" मी हिंदीत विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "रोजचा रस्ता आहे. तो इथे एकटा असतो."